लाभ, दोन, तीन

आमच्या चाळीच्या दिवाळी अंकाचे संपादककाका म्हणाले, "नोकरीचे अनुभव लिहिणारे सगळे रिटायर झालेले असतात. यंदा एखादा अजून पगार घेणारा माणूस पाहिजे." मी पंचवीस वर्षांची आहे. नोकरीला चार वर्षं झाली, त्यातलं पहिलं वर्ष ट्रेनिंगमध्येच गेलं, म्हणजे अनुभव तीन वर्षांचा. पण मी टाईप खूप फास्ट करते, त्यामुळे माझी तीन वर्षं दुसऱ्या कोणाची सहा धरायला हरकत नाही.

काम काय करते ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या आत्यालाही ते अजून कळलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते, सायली टीव्हीत आहे. तर स्क्रीनवर माणूस बोलत असतो आणि त्याच्या खाली अक्षरं पळत असतात ना? ती मी. लोक बोलतात तसं लगेच, चार सेकंदांच्या आत. ज्यांना ऐकू येत नाही ते ती अक्षरं वाचतात.

मी लालबागला राहते, लोअर परळला बसते आणि अमेरिकेतल्या सभा टाईप करते. सभा म्हणजे मोठ्या काही नाहीत हं. गावाच्या, शाळेच्या, पाण्याच्या. एका गावात एकाच्या मोरावर दोन तास चर्चा झाली. मोर ओरडतो आणि शेजाऱ्याच्या गाडीच्या टपावर बसतो. मोराच्या मालकाने सभेत मोराच्या आवाजाची नक्कल करून दाखवली. मी कंसात लिहिलं: [मोरासारखा आवाज]. शेजारी उठून म्हणाला की आवाज असा नाही, आणि त्यानेही करून दाखवला. मी परत लिहिलं: [मोरासारखा आवाज]. यात कोण बरोबर होतं ते सांगणं माझं काम नाही.

आमच्या धंद्याचे नियम दोनच. पहिला: जे बोललं गेलं तेच टाईप करायचं. दुरुस्त करायचं नाही, गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. एकदा एक माणूस भर सभेत म्हणाला की अध्यक्ष गाढव आहेत. मी टाईप केलं. अध्यक्षांनी समोरच्या स्क्रीनवर ते वाचलं आणि म्हणाले, हे काढा. मी तेही टाईप केलं.

दुसरा नियम: बघणाऱ्यांशी संपर्क ठेवायचा नाही. त्यांचे मेल येतात, आम्ही एक बटण दाबतो, त्यांना एक ठरलेलं वाक्य जातं: "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." यापलीकडे एक शब्द पाठवायची परवानगी नाही.

बहुतेक लोक एकदा हे वाक्य वाचून परत मेल करत नाहीत. मार्जरीबाई करायच्या. रोज. मार्जरीबाई म्हणजे बर्फ, मका आणि गायी असलेल्या एका राज्यातल्या निवृत्त शिक्षिका. राज्याचं नाव सांगत नाही, कागदावर सही करून बसलेय. त्यांना अजिबात ऐकू येत नाही. त्या ओठ वाचतात, आणि माणसाने मान खाली घातली किंवा पाठ फिरवली की आमची अक्षरं वाचतात. त्यांच्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची म्हणा, प्रत्येक सभा त्या बघायच्या आणि सभा संपली की आमच्या चुकांची नंबर घालून यादी पाठवायच्या. अमुक वाजता स्वल्पविराम नको होता. तमुक वाजता खजिनदारांच्या ओठांवर "शक्यतो" होतं, तुम्ही "नक्की" लिहिलं. आम्ही रेकॉर्डिंग काढून ऐकायचो. बाई बरोबर असायच्या.

"कान नसताना ही बाई आपल्याला नापास करते," रोहित म्हणायचा. रोहित माझा जोडीदार. या कामात माणसं जोडीने बसतात, वीस मिनिटं एकाने टाईप करायचं, वीस मिनिटं दुसऱ्याने, नाहीतर बोटं थांबतात. आमच्या वर देसाई मॅम. त्या कधी ओरडत नाहीत. फक्त खुर्चीच्या मागे येऊन उभ्या राहतात.

आता मुख्य गोष्ट. तेव्हा माझं ट्रेनिंग संपलं होतं, पण नोकरीत कन्फर्म व्हायचे होते. मार्जरीबाईंच्या भागात राज्याच्या विधानसभेच्या एका जागेची निवडणूक झाली. एका बाजूला हॅदरस्मिथ, दुसऱ्या बाजूला पोप. फरक पडला तीन मतांचा, पोप पुढे. तीन मतं म्हणजे आमच्या मजल्यावर कांबळ्यांच्या एका घरात निघतात. आणि गंमत अशी की बाकीच्या सगळ्या जागा दोन पक्षांत अगदी समसमान वाटल्या गेल्या होत्या, त्यामुळे ही जागा ज्याची, राज्य त्याचं. फेरमोजणी लागली. ती लाईव्ह दाखवायची ठरली आणि अक्षरांचं काम आमच्याकडे आलं. मी कोणाच्याच बाजूने नव्हते. फक्त पोप हे नाव टाईप करायला चार अक्षरं लागतात आणि हॅदरस्मिथला अकरा, एवढंच नोंदवून ठेवते.

फेरमोजणीच्या आदल्या दिवशी मार्जरीबाईंचा मेल आला. मला तो जवळजवळ पाठ आहे. आपल्या भाषेत असा:

"प्रिय टायपिस्ट, मी मत टपालाने दिलं. नावापुढचा गोल पेनाने पूर्ण भरायचा असतो. माझा हात थरथरतो, त्यामुळे माझ्याकडून गोलावर फुली पडली आणि फुलीची शेपटी खालच्या नावापर्यंत गेली. माझी पत्रिका वादाच्या गठ्ठ्यात जाणार. मी गाडी चालवणं सोडलं आहे आणि बाहेर बर्फ आहे, म्हणून मी घरूनच बघणार. पण मोजणी घेणाऱ्या ऑल्सनबाई कागद वाचताना मान खाली घालतात, मला त्यांचे ओठ दिसणार नाहीत. माझी पत्रिका ओळखण्याची खूण सांगते. गटार आयुक्ताच्या जागेला एकच उमेदवार होता आणि तो मला पसंत नाही. म्हणून तिथे मी हाताने 'बिस्किट' लिहिलं आहे. बिस्किट हे माझ्या मांजराचं नाव. ते आता नाही. कृपया ती ओळ चुकवू नका. मी मतदार झाल्यापासून माझं एकही मत वाया गेलेलं नाही, आणि हे गेलं का, ते मला कळायला हवं."

हो, तिथे गटारांचा अधिकारीही मतदानाने निवडतात. रोहितने दोनदा वाचून खात्री केली.

"बाईंनी मत फोडलं की," तो म्हणाला.

"कोणाला दिलं ते कुठे लिहिलंय?" मी म्हटलं.

मागून देसाई मॅम म्हणाल्या, "हा मेल आपण वाचलेला नाही. बटण दाबा."

मी बटण दाबलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. मी खालून कटिंग पिऊन वर येऊन बसले. हॉल शाळेच्या व्यायामशाळेसारखा होता, भिंतीला बास्केटबॉलची जाळी. मधल्या टेबलावर ऑल्सनबाई. त्या काउंटीच्या क्लार्क. आपल्याकडचा क्लार्क डोळ्यांसमोर आणू नका, तिथे निवडणूक घेते ती क्लार्कच. दोन्ही बाजूंना दोघांचे वकील, आणि शेजारी निर्णय द्यायला तिघांचं मंडळ. पद्धत अशी: ज्या पत्रिकांवर वाद नाही त्या नावांप्रमाणे वेगळ्या करायच्या आणि पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे माईकसमोर मोठ्याने मोजायचे. एक, दोन, तीन, चार, पंचवीसपर्यंत. रबर लावायचं. परत एक, दोन, तीन. सगळे साधे गठ्ठे संपले की मग वादाचा गठ्ठा.

म्हणजे मला फक्त आकडे टाईप करायचे होते. जगातलं सगळ्यात सोपं काम. तिथेच मी माती खाल्ली.

त्यासाठी आमचं घर सांगायला पाहिजे. माझे बाबा लालबागला मसाल्याच्या दुकानात मापाडी आहेत. मिरच्या, धणे, सगळं मापून पोत्यात भरायचं. आता इलेक्ट्रॉनिक काटा आला तरी पोती मोजताना ते पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. जुने मापाडी सगळे असंच मोजतात, पण बाबा घरीही तसंच मोजतात. चपात्या लाभ, दोन, तीन. जिन्याच्या पायऱ्या लाभ, दोन, तीन. बालवर्गात बाईंनी मला बोटं मोजायला सांगितली तेव्हा मी अंगठा वर करून लाभ म्हटलं होतं. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आईने मान्य केलं की घरात एक नाही.

तर तास दीड तास झाला असेल. गठ्ठ्यामागून गठ्ठा. कानात ऑल्सनबाई इंग्रजीत वन म्हणत होत्या, बोटं टू, थ्री करत पळत होती आणि डोकं मात्र बाबांच्या दुकानात जाऊन बसलं होतं. एका गठ्ठ्याला मी "लाभ" टाईप केलं. इंग्रजी अक्षरांत, लाभ, टू, थ्री. मला कळलंही नाही. आमच्या सॉफ्टवेअरला कळलं. त्याला सवय लावून घ्यायची सवय आहे. पुढच्या गठ्ठ्याला त्याने आपणहून "लाभ, टू, थ्री" अशी ओळ पुढे केली आणि मी न बघता टॅब दाबला. असे सात गठ्ठे.

मार्जरीबाईंचा मेल आला. "१. ऑल्सनबाईंच्या ओठांवर 'वन' आहे. २. लाभ कोण आहे?"

मी वाचेपर्यंत तोच प्रश्न हॉलमध्ये पोचला होता. हॅदरस्मिथचे वकील उभे राहिले, भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "हे लाभ कोण? या नावाचा उमेदवार यादीत नाही. प्रत्येक गठ्ठ्यातलं पहिलं मत कोणाला जातंय?"

मोजणी थांबली. आणि इथे माझी पाळी चालू होती. रोहित खाली वडापाव आणायला गेला होता. नियम काय, जे बोललं जाईल ते टाईप करायचं. त्यामुळे माझ्या चुकीची चौकशी मीच टाईप करत होते. "अक्षरं कोण टाईप करतं?" मी टाईप केलं. "माणूस आहे की मशीन?" टाईप केलं. "जो कोणी आहे तो शुद्धीवर आहे का?" प्रश्नचिन्हासकट टाईप केलं. पोपचे वकील म्हणाले की निदान स्पेलिंग चुकत नाहीये. तेही केलं.

देसाई मॅम येऊन मागे उभ्या राहिल्या. त्यांना आमच्या आणि त्या काउंटीच्या मधल्या कंपनीचा फोन आला होता.

"त्यांना दहा मिनिटांत लेखी उत्तर पाहिजे. दोन ओळीत. हे लाभ काय आहे?"

"मॅम, एकला आमच्याकडे लाभ म्हणतात."

"का?"

मला का ते माहीत नव्हतं. हॉलमध्ये तेवढ्यात कॉफीची सुट्टी जाहीर झाली, मी [विश्रांती] लिहिलं आणि बाबांना फोन लावला.

"बाबा, मोजताना आपण लाभ का म्हणतो?"

"मगे काय म्हणतले?"

"एक."

"एक म्हटला तर ता थयच थांबता गो. सुरवात बऱ्या नावान करूची, म्हणजे मागसून माल येता. ह्या इचारूक फोन केलंस? हंय गिऱ्हाईक हा समोर."

"बाबा, अमेरिकेत मोजणी थांबलीय."

"कित्याक? माल संपलो?"

मी फोन ठेवला. मॅमनी इंग्रजीत दोन ओळी पाठवल्या. सुट्टी संपल्यावर ऑल्सनबाईंनी त्या माईकवर वाचून दाखवल्या: टाईप करणाऱ्या व्यक्तीच्या घरी धान्य-मसाला मोजताना पहिल्या मापाला एकऐवजी 'लाभ' म्हणतात, शुभ सुरुवात म्हणून, चूक सवयीने झाली, आकड्यांत फरक नाही. म्हणजे बाबांचं म्हणणं ऑल्सनबाईंच्या तोंडून मी टाईप केलं. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. हॅदरस्मिथचे वकील विचार करून म्हणाले, "शुभ कोणासाठी? लाभ नेमका कोणाचा?"

ऑल्सनबाई म्हणाल्या, "वर ज्याची पत्रिका असेल त्याचा."

रेकॉर्डिंग लावून सातही गठ्ठे तपासले. सातही वेळा ऑल्सनबाई स्वच्छ वन म्हणाल्या होत्या. माझी चूक लेखी नोंदवली गेली आणि मोजणी पुढे सुरू झाली. पण मधल्या कंपनीचा मेल आला होता: आजच्या दिवसापुरतं माणूस काढा, मशीन लावा.

हे मशीन आमच्या शेजारच्या स्क्रीनवर नेहमी चालूच असतं, तुलना करायला. ते बरं आहे. माणूस माईकसमोर ताठ बसून बातम्या दिल्यासारखा बोलला तर चांगलं लिहितं. पण घुमणाऱ्या हॉलमध्ये कोणी मान खाली घालून पुटपुटलं की ते [संगीत] असं लिहितं.

"मॅम, साधे दोनच गठ्ठे राहिलेत," मी म्हटलं. "पुढचा वादाचा आहे."

"मग?"

"ऑल्सनबाई मान खाली घालून वाचणार. मार्जरीबाईंना..."

"तो मेल आपण वाचलेला नाही."

"नाही वाचला मॅम. पण त्यांना मशीनचं [संगीत] दिसेल."

मॅमनी शेजारच्या स्क्रीनकडे बघितलं. तिथे ऑल्सनबाई रबर लावायला वाकल्या होत्या आणि खाली [संगीत] आलं होतं. रोहित वडापाव हातात घेऊन दारातच थांबला होता. तो म्हणाला, "मॅम, मशीन सेट करायला मला तशी पंधरा मिनिटं लागतात." एरवी त्याला एक मिनिट लागतं.

"वादाच्या गठ्ठ्यापुरती बस," मॅम म्हणाल्या. "त्यानंतर उठायचं. आणि सायली, तो शब्द परत स्क्रीनवर दिसला तर तुझ्या कन्फर्मेशनचं मी काही करू शकणार नाही."

मी सॉफ्टवेअरमधून लाभ पुसून टाकला. तीनदा तपासलं. साधे दोन गठ्ठे वन, टू, थ्री करत नीट गेले.

मग ऑल्सनबाईंनी वादाचा गठ्ठा पुढे घेतला. तो लहानसा होता, पाकिटांसकट. त्यांनी पहिली पत्रिका उचलली, चष्मा नाकावर सरकवला, दोन्ही वकिलांकडे एकदा बघितलं आणि चेहरा जराही न हलवता म्हणाल्या,

"लाभ."

उच्चार लब असा केला. पण लाभच.

माझी बोटं कीबोर्डवर होती. चार सेकंद असतात. मॅमच्या कानात हेडफोन नव्हता, त्यांना फक्त माझा स्क्रीन दिसत होता. मी "वन" लिहिलं असतं तर जगात कोणाचं काही बिघडलं नसतं. मॅम खूश, मधली कंपनी खूश, अर्थ तोच. मला सगळ्यात जास्त आठवतंय ते हे, की मला ते लिहायचं होतं. पण अध्यक्ष गाढव आहेत हे लिहिलं होतं, मोर लिहिला होता, माझ्या शुद्धीबद्दलचा प्रश्न लिहिला होता. आणि बर्फातल्या एका घरात एक बाई ऑल्सनबाईंच्या ओठांकडे बघत होत्या.

मी "लाभ" टाईप केलं.

खुर्चीच्या पाठीवर मॅमचा हात आला. मी मागे बघितलं नाही, कारण ऑल्सनबाईंनी मान खाली घातली होती आणि वाचायला लागल्या होत्या, आणि शेजारच्या स्क्रीनवर [संगीत] सुरू झालं होतं. मी टाईप करत गेले. टपाली पत्रिका. विधानसभेच्या जागेसाठी गोल भरलेला नाही, गोलावर फुली. फुलीची एक रेघ खालच्या गोलाला लागते. गटार आयुक्त: हाताने लिहिलेलं नाव, बिस्किट. [हशा].

पोपच्या वकिलांनी हरकत घेतली. रेघ त्यांच्या उमेदवाराच्या गोलालाही लागते, म्हणजे दोघांना मत, म्हणजे बाद. हॅदरस्मिथचे वकील म्हणाले, ती रेघ म्हणजे थरथरता हात आहे, फुलीचा मध्य बघा. मंडळातल्या तिघांनी पत्रिका हातात घेतली, उजेडाकडे धरली. कोणी बोलत नव्हतं, म्हणून मी लिहिलं: [शांतता]. मला लिहायला दुसरं काही नव्हतं. मग मधले गृहस्थ म्हणाले, "मतदाराचा हेतू स्पष्ट आहे. मत ग्राह्य. हॅदरस्मिथ." मी अकराच्या अकरा अक्षरं टाईप केली. ऑल्सनबाईंनी पत्रिका त्या बाजूला ठेवली. लाभ कोणाचा, हे हॅदरस्मिथच्या वकिलांनी या वेळी विचारलं नाही.

निकाल इथेच सांगून टाकते. शेवटी पोप दोन मतांनी निवडून आले. राज्य त्यांच्या पक्षाचं आलं. त्या काउंटीचं काम पुढच्या उन्हाळ्यात कायमचं मशीनकडे गेलं. मार्जरीबाईंची यादी आता मशीनला जात असणार, आणि मशीन त्यांना घाबरत नसणार, याचं मला वाईट वाटतं.

पण त्या दिवशी अजून मी खुर्चीत होते. वादाचा गठ्ठा संपला. मॅम म्हणाल्या, "उठ." मी हेडफोन काढला. रोहितने माझ्या वाटणीचा वडापाव कागदात गुंडाळून ठेवला होता, तो त्याने माझ्या बाजूला सरकवला, जसं काही मी गावी चालले आहे.

तेवढ्यात मेल वाजला. मॅमनी माझ्या खांद्यावरून वाकून वाचला. तिघांनीही वाचला.

"१. 'लाभ' या वेळी बरोबर आहे. मी ओठ बघितले.
२. बिस्किटचं स्पेलिंग बरोबर आहे.
३. बाकी चुका नाहीत."

मॅमनी माझा हेडफोन स्वतःच्या कानाला लावला, रेकॉर्डिंग मागे नेलं आणि ऐकलं. परत मागे नेलं, परत ऐकलं. मग हेडफोन माझ्यासमोर ठेवला.

"बस," त्या म्हणाल्या. "त्या मधल्या कंपनीला मी सांगते काय सांगायचं ते. आणि त्या बाईंना उत्तर पाठव."

"काय पाठवू मॅम?"

"नियम माहीत आहे ना?"

माहीत होता. मी बटण दाबलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. मग बटण व्यवस्थित दाबलं गेलं नसेल असं वाटून परत एकदा दाबलं.